कॉटन आणि कट्टून : प्रस्तावना

शिवडी ते रे रोड या हार्बर मार्गालगतच्या पट्ट्यात बंदराच्या इंग्रजी कारभारात पडलेली जी नावे आजही रुळलेली आहेत, त्यांतील ‘हे बंदर’, ‘कोल बंदर’ आणि ‘कॉटन ग्रीन’ ही तीन नावे भाषेच्या अभ्यासकाला विशेष उपयोगाची आहेत. ‘हे’ म्हणजे वाळलेले गवत, ‘कोल’ म्हणजे दगडी कोळसा, ‘ग्रीन’ म्हणजे मुळात हिरवळीचे मोकळे मैदान आणि ‘कॉटन’ म्हणजे कापूस, हे अर्थ बहुतेकांना ठाऊक असतात; परंतु हे चारही शब्द जर्मन भाषेतही असून तेथे त्यांची रूपे अनुक्रमे हॉय, कोले, ग्र्यून आणि कट्टून अशी आहेत, आणि या चारांपैकी तीन एका जातीचे तर चौथा अगदी निराळ्या जातीचा आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. पहिले तीन शब्द इंग्रजी आणि जर्मन या दोन्ही भाषांना त्यांच्या समान पूर्वज भाषेकडून वारशाने मिळालेले आहेत; चौथा दोघींनीही, वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या वाटांनी, तिसऱ्याच भाषेकडून उसना घेतलेला आहे. प्रस्तुत विवेचनाचा विषय हा उसना शब्द आहे. ज्या शिवडीत कापसाच्या व्यापारासाठी स्वतंत्र आगार, बाजाराची इमारत आणि रेल्वेचे स्थानक उभे राहिले, तेथूनच त्याचा माग काढणे सोयीचे आहे.

वारसा आणि उसनवारी यांतील भेद कसा ओळखावा, हे आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. इंग्रजी आणि जर्मन या जर्मानिक नावाच्या एकाच शाखेतील भाषा असून ती शाखा पुढे संस्कृत, फारसी, ग्रीक आणि लॅटिन यांच्या भारोपीय म्हणजे इंडो-युरोपीय कुळाला जाऊन मिळते. विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्यातील व्याख्यानात या नात्याचे सूतोवाच केले, फ्रान्ट्स बॉप यांनी 1816 साली क्रियापदांच्या रूपांची तुलना करून त्याला शास्त्राचा पाया दिला, आणि मुंबईत रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी 1877 साली दिलेल्या विल्सन व्याख्यानांत हीच पद्धती मराठीसह आपल्याकडील भाषांना लावून दाखवली. या शास्त्राचा गाभा असा की, नात्यातल्या भाषांमधील ध्वनी मनमानीने नव्हे तर नियमाने बदलतात. मराठीतील दोन, दहा आणि दात हे शब्द इंग्रजीत टू, टेन आणि टूथ असे, तर जर्मनमध्ये त्स्वाय, त्सेन आणि त्सान असे आढळतात. म्हणजे मूळचा ‘द’ आपल्याकडे टिकला, जर्मानिक शाखेत त्याचा ‘ट’ झाला आणि त्या ‘ट’चा दक्षिणेकडील जर्मन बोलींत सुमारे सहाव्या ते आठव्या शतकांत पुन्हा ‘त्स’ किंवा ‘स’ झाला. इंग्रजी वॉटरच्या ठिकाणी जर्मन व्हासर येतो तो याच नियमाने. वारशाने आलेल्या शब्दांचा अर्थ मात्र नेहमी जुळतोच असे नाही; मराठीतील ‘हिरवा’ हा संस्कृत हरित शब्दावरून आलेला असून त्याचे इंग्रजी व जर्मन भाईबंद ‘ग्रीन’ आणि ‘ग्र्यून’ नव्हेत, तर पिवळ्या रंगाचे ‘यलो’ आणि ‘गेल्ब’ हे आहेत.

आता कॉटन आणि कट्टून या जोडीला ही कसोटी लावली, तर जर्मन रूपात ‘त्स’ किंवा ‘स’ यायला हवा होता, तो आलेला नाही. ‘ट’ जशाचा तसा आहे. एवढ्यावरून शब्द नवा आहे असे म्हणण्याचा मोह होतो, पण पुरावा इतका सरळ नाही. डच भाषेत आणि उत्तर जर्मनीतील सखल प्रदेशाच्या बोलींत हा बदल झालाच नव्हता, त्यामुळे त्या बाजूने जर्मनमध्ये आलेला जुना शब्दही ‘ट’ राखून ठेवू शकतो. दुसरी खूण अधिक बोलकी आहे. जर्मनमधील घरचे शब्द साधारणपणे पहिल्या अवयवावर जोर देऊन उच्चारले जातात, आणि कट्टूनमध्ये जोर शेवटच्या अवयवावर आहे, जो परक्या शब्दाचा स्वभाव समजला जातो. इंग्रजीने मात्र कॉटन इतका आपलासा केला की जोर पहिल्या अवयवावर आणून दुसऱ्यातील स्वर जवळजवळ गिळून टाकला. शब्द घरात किती मुरला आहे, हे अशा बारीक गोष्टींवरून कळते.

दोन्ही रूपांचे मूळ अरबीतील ‘कुत्न’ या शब्दात आहे; त्याचा आरंभीचा ‘क’ घशातून काढला जाणारा आणि ‘त’ जड उच्चाराचा आहे. नवव्या-दहाव्या शतकांत अरबांनी सिसिली आणि स्पेन येथे कपाशीची लागवड नेली आणि पिकाबरोबर नावही गेले. स्पेनमध्ये ते अरबी ‘अल्’ या निर्देशक उपपदासह चिकटले, म्हणून स्पॅनिशमध्ये ‘अल्गोदोन’ आणि पोर्तुगीजमध्ये त्याचेच भावंड झाले. इटलीत उपपद गळून ‘कोतोने’ राहिले, फ्रेंचमध्ये ‘कोतों’ झाले आणि फ्रेंचमधून ते मध्ययुगातच इंग्रजीत उतरले. जर्मनमधील कट्टूनची वाट निराळी आहे. तो सतराव्या शतकात डच ‘काटून’ या रूपावरून आला, म्हणजे ज्या काळात डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे सुरतेहून आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून रंगीत छापील कापडाचे तागे ॲम्स्टरडॅमला नेत होती आणि कोकणात वेंगुर्ल्यासही त्या कंपनीची वखार होती, त्या काळात.

या ठिकाणी एका लोकप्रिय समजुतीचा परामर्श घेणे भाग आहे. कॉटन हा शब्द मराठीतील ‘कातणे’ किंवा ‘कातण’ यावरून गेला असावा, असे मराठी माणसाला वाटणे स्वाभाविक आहे, कारण ध्वनी जवळचे आहेत, अर्थ लगतचा आहे आणि पीक तर आपलेच आहे. तथापि ‘कातणे’ हा संस्कृतातील ‘कृत्’ या सूत काढण्याच्या अर्थाच्या धातूपासून ‘कर्त’ अशा रूपातून आलेला आहे. युरोपात हा शब्द गेला असता तर मधल्या ‘र’ची काही तरी खूण कोठे तरी राहिली असती, किंवा ‘र’ गळाल्यानंतरच्या काळातील एखादी नोंद तरी सापडली असती. दोन्ही नाहीत. उलट अरबी शब्दाची वाट टप्प्याटप्प्याने, उपपदासकट आणि लागवडीच्या इतिहासासकट दाखवता येते. ध्वनीचे साम्य हा व्युत्पत्तीचा आरंभ असू शकतो, पुरावा नव्हे, आणि आपल्याकडे वर्तमानपत्री लेखनात हा फरक फार वेळा विसरला जातो.

भारताने आपला शब्द पश्चिमेला पाठवलाच नाही, असेही नाही. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे तांब्याच्या मण्यात सापडलेले कापसाचे तंतू इसवी सनापूर्वीच्या सहाव्या सहस्रकातील मानले जातात आणि मोहेंजोदडोच्या उत्खननातही सुती कापडाचे अवशेष मिळाले आहेत. म्हणजे वस्तू आपल्या भूखंडात फार प्राचीन आहे. संस्कृतातील ‘कर्पास’ हा शब्द वैदिक संहितांत नसून सूत्रवाङ्मयात प्रथम दिसतो, आणि मनुस्मृतीच्या काळापर्यंत ब्राह्मणाचे यज्ञोपवीत कापसाच्या सुताचे असावे इतका तो नित्याचा झालेला आहे. हा शब्द मूळचा आर्य नसून येथील अधिक जुन्या भाषांकडून संस्कृताने घेतला असावा, असे मत काही विद्वानांनी मांडले आहे. हाच शब्द ग्रीकमध्ये ‘कार्पासोस’, लॅटिनमध्ये ‘कार्बासुस’ आणि हिब्रू बायबलातील एस्तेरच्या पुस्तकात ‘कर्पस’ असा आढळतो. मात्र लॅटिनमध्ये त्याचा अर्थ तलम लिननचे कापड, पुढे जहाजाचे शीड, असा सरकत गेला, आणि मध्ययुगात अरबी शब्द आला तेव्हा या जुन्या शब्दाला कापसाचा आधारच उरलेला नव्हता. मराठीतील कापूस आणि हिंदीतील कपास हे त्याचे थेट वारस होत. युरोपात तो वांझ राहिला.

जर्मनची खरी गंमत पुढेच आहे. जर्मनमध्ये कापूस या वस्तूला कट्टून म्हणत नाहीत. त्याला ‘बाउमवोले’ म्हणतात, म्हणजे शब्दशः झाडाची लोकर. ही कल्पना जर्मनांची नव्हे. ॲसिरियाचा राजा सेनाखेरिब याच्या इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आरंभीच्या लेखांत लोकर देणाऱ्या झाडांचा उल्लेख आहे, आणि इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने हिंदुस्थानातील रानझाडांना मेंढीच्या लोकरीपेक्षा सरस अशी लोकर लागते, असे लिहून ठेवले आहे. ज्यांना लोकर ठाऊक होती आणि कपाशी ठाऊक नव्हती, त्यांनी नव्या वस्तूचे वर्णन जुन्या वस्तूवरून केले. चौदाव्या शतकात दक्षिण जर्मनीतील उल्म आणि आउग्सबुर्ग या शहरांत लिननचा ताणा आणि कापसाचा बाणा घालून ‘बार्खेंट’ नावाचे जाड कापड मोठ्या प्रमाणावर विणले जाऊ लागले, त्यासाठी लागणारा कापूस व्हेनिसच्या व्यापाऱ्यांमार्फत आल्प्स ओलांडून येई, आणि पुढे सम्राटांना कर्ज देणारे फुग्गर घराणे याच धंद्यातील एका विणकरापासून, 1367 साली आउग्सबुर्गमध्ये आलेल्या हान्स फुग्गरपासून, सुरू झाले. म्हणजे कट्टून हा शब्द येण्याआधी तीनशे वर्षे जर्मन विणकर कापूस हाताळत होता आणि त्याला बाउमवोले म्हणत होता. सतराव्या शतकात भारतीय छापील कापड आले, तेव्हा तंतूच्या नावाची जागा रिकामी नव्हती; रिकामी होती ती या नव्या, पातळ, एकसूती विणीच्या, धुतले तरी रंग न सोडणाऱ्या कापडाच्या नावाची, आणि ती कट्टूनने घेतली. अठराव्या शतकात आउग्सबुर्गच्याच योहान हाइनरिख श्यूले याने कट्टून छापण्याचा राजवाड्यासारखा कारखाना 1770 नंतर उभारला. एकाच वस्तूची दोन नावे एका भाषेत नांदू शकतात ती अशी कामाची वाटणी झाल्यामुळे.

या वाटणीचे प्रत्यंतर व्यापारी संस्थांच्या नावांत मिळते. ब्रेमेन या जर्मन बंदरात 1872 साली कापूस व्यापाऱ्यांची जी संस्था स्थापन झाली, ती ‘बाउमवोलबोर्झं’ म्हणजे झाडाच्या लोकरीचा बाजार या नावाने प्रसिद्ध आहे. मुंबईत 1921 साली ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन स्थापन झाली आणि शिवडीच्या भरावावर तिच्या व्यवहारासाठी उभी राहिलेली इमारत ‘कॉटन एक्स्चेंज’ म्हणून ओळखली जाते. दोन्ही ठिकाणी वस्तू एक, गाठी एकाच प्रकारच्या, भाव एकमेकांकडे पाहून ठरणारे. परदेशात जाणाऱ्या तयार कपड्याच्या आतील चिठ्ठीवर कॉटन, बाउमवोले, कोतों, अल्गोदोन अशी नावे एकाखाली एक छापलेली असतात, ती वाचली तरी या विषयाचा निम्मा इतिहास हाती लागतो.

इंग्रजीने अशी वाटणी केली नाही. तेथे झाड, तंतू, सूत, शिवण्याचा दोरा आणि कापड या सर्वांना कॉटन हा एकच शब्द पुरतो, आणि तरीही औषधाच्या दुकानातील कापसाला ब्रिटनमध्ये ‘कॉटन वूल’ म्हणजे कापूस-लोकर म्हणतात, त्यामुळे हेरोडोटसची लोकर मागील दाराने तेथेही शिरलेली दिसते. सोळाव्या शतकात मँचेस्टरच्या परिसरात ‘कॉटन्स’ या नावाने विकले जाणारे कापड तर चक्क लोकरीचे होते, कारण ‘कॉटन’ हे क्रियापद कापडाच्या अंगावर मऊ लव उठवण्याला लावले जाई. आर्थिक इतिहासाच्या काही जुन्या लेखकांनी यावरून लँकेशायरचा कापूसधंदा होता त्याहून जुना ठरवून टाकला. लव नीट उठली म्हणजे काम जमले, या अर्थावरून पुढे एखाद्याशी सूत जमणे आणि विसाव्या शतकात एखादी गोष्ट लक्षात येणे असे अर्थ या क्रियापदाला आले. जर्मनमध्ये कट्टूनचे वळण अधिक रांगडे आहे: तेथे ‘कट्टून मिळणे’ म्हणजे मार खाणे, खडसावले जाणे आणि सैनिकांच्या बोलीत तोफांच्या भडिमाराखाली सापडणे. मऊ कापडाच्या नावाला हा अर्थ कसा चिकटला, याची चर्चा मनोरंजक असली तरी तीत तर्काचा भाग मोठा आहे. खाऊच्या दुकानापर्यंतही ही शब्दकथा पोहोचते. साखरेच्या ज्या तंतूंना अमेरिकेत ‘कॉटन कँडी’ आणि जर्मनीत ‘त्सुकरव्हाटे’ म्हणजे साखरेचा पिंजलेला कापूस म्हणतात, त्यांत मराठीने मात्र कापूस पाहिला नाही, म्हातारीचे केस पाहिले.

मराठीकडे वळले असता असे दिसते की, या बाबतीत ती इंग्रजीपेक्षा जर्मनला जवळची आहे. शेतात उभी असते ती कपाशी, बोंडातून वेचला जातो तो कापूस, सरकी काढल्यावर उरते ती रुई, आणि विणून तयार होते ते सुती कापड, अशी नेमकी नावे मराठीत पूर्वीपासून होती. इंग्रजी जेथे एका शब्दावर भागवते तेथे मराठी चार शब्द वापरते. या भरल्या घरात ‘कॉटन’ आला तो तंतूच्या अर्थाने टिकला नाही. ‘कॉटनचे पीक’ कोणी म्हणत नाही, देवापुढच्या वातीसाठी कॉटन कोणी आणत नाही, पण ‘कॉटनची साडी’ आणि ‘प्युअर कॉटन’ हे शब्द दादरच्या दुकानांत सर्रास ऐकू येतात. जोवर अंगावरचे नेहमीचे कापड सुतीच असे, तोवर त्याला वेगळ्या नावाची गरज नव्हती. टेरिलीन आणि पॉलिएस्टर घरोघर आल्यावर वेगळेपण सांगणारा शब्द हवा झाला आणि ‘सुती’पेक्षा दुकानदाराच्या तोंडचा ‘कॉटन’ रूढ झाला, असा निष्कर्ष काढण्यास हरकत नाही. परका शब्द कापडाला आणि घरचा शब्द तंतूला, ही जर्मनमधील वाटणी मराठीत अशी वेगळ्या कारणाने पुन्हा घडली.

व्यापारात आणखी एक भेद पडला, आणि तो सामाजिक आहे. मुंबईच्या कोटात, आज जेथे हॉर्निमन सर्कल आहे त्या ‘बॉम्बे ग्रीन’ नावाच्या मैदानात, एके काळी कापसाच्या गाठी उघड्यावर रचल्या जात. आगीच्या भीतीने आणि दाटीमुळे हा व्यापार 1844 साली कुलाब्यास हलला आणि तेथील जागेलाही कॉटन ग्रीन म्हणू लागले. पुढे विसाव्या शतकात पोर्ट ट्रस्टने माझगाव ते शिवडी समुद्र भरून काढल्यावर आगार तेथे गेले आणि नावही बरोबर गेले. शिवडीच्या भरावावर हिरवळ कधीच नव्हती, पक्की गोदामे होती. तरी ‘ग्रीन’ राहिला तो राहिलाच. या बाजारात वऱ्हाडचा कापूस ‘ऊमरा’ म्हणजे उमरावती या नावाने, वर्ध्याकडचा ‘हिंगणघाट’ या नावाने आणि गुजरातचा ‘ब्रोच’ म्हणजे भडोच या नावाने ओळखला जाई, लिव्हरपूलचे दलालही हीच नावे घेत, आणि भाव खंडीवर म्हणजे 784 पौंडांवर बोलला जाई. ही खंडी आजही सुमारे 356 किलो या मापाने कापसाच्या बाजारात चालू आहे. मात्र महाराष्ट्र सरकारने 1972 साली शेतकऱ्यांकडून खरेदीचा मक्ता घेतला, तेव्हा त्या योजनेचे नाव ‘कापूस एकाधिकार’ असे झाले. पिकवणाऱ्याच्या बाजूला कापूस आणि सौदा करणाऱ्याच्या बाजूला कॉटन, ही सीमारेषा यवतमाळच्या खरेदी केंद्रापासून शिवडीच्या सौद्याच्या दालनापर्यंत स्पष्ट दिसते, आणि शब्दांच्या अभ्यासकाने ती अर्थशास्त्रज्ञावर सोपवून मोकळे होऊ नये.

शेवटी गिरण्यांतील शब्दांविषयी. लालबाग, परळ, काळाचौकी आणि शिवडी येथील गिरण्यांत रुईची पेळू, पेळूचे सूत आणि सुताचे कापड होताना प्रत्येक खात्यात इंग्रजी शब्द मराठी तोंडातून घोटून निघाले. सूत काढणाऱ्या एका जुन्या यंत्राला इंग्रजीत ‘थ्रॉसल’ म्हणत. थ्रॉसल हे मुळात एका गाणाऱ्या पक्ष्याचे नाव आणि यंत्राच्या गुणगुणण्यावरून ते यंत्राला पडले. जर्मन गिरण्यांतही हेच यंत्र ‘ड्रॉसल’ या त्याच पक्ष्याच्या जर्मन नावाने ओळखले जाई, आणि थ्रॉसल-ड्रॉसल ही जोडी कॉटन-कट्टूनसारखी उसनी नसून ‘हे’ आणि ‘हॉय’ यांच्यासारखी वारशाची आहे. गिरणगावात या शब्दाचे ‘त्रासन’ झाले, बॉबिनची ‘बाबीण’ झाली. त्रासन खात्यात बारा-बारा तास उभे राहणाऱ्याला त्या नावात पक्षी नव्हे तर त्रास ऐकू आला असेल, तर त्याचे ऐकणे चुकीचे ठरवण्याचा अधिकार व्युत्पत्तिशास्त्राला नाही. मात्र मूळ कोणते आणि मागाहून जोडलेला अर्थ कोणता, हे वेगळे नोंदवणे त्याचे काम आहे.

हे काम मराठीत अपुरे राहिले आहे. मोल्सवर्थचा कोश 1831 साली प्रथम निघाला आणि 1857 साली वाढवून छापला गेला, तेव्हा मुंबईतील गिरण्यांचा जेमतेम आरंभ होत होता, कृ. पां. कुलकर्णी यांच्या 1946 सालच्या व्युत्पत्तिकोशाचा भर घराघरांतल्या आणि ग्रंथांतल्या शब्दांवर आहे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि त्या वेळी खात्यात काम करणाऱ्यांतील सर्वांत तरुण माणसेही आता साठीच्या पुढे आहेत. ज्या वाचकांच्या घरात साचेवाले, जॉबर, बदली कामगार किंवा कॉटन ग्रीनच्या गोदामांतील माथाडी होऊन गेले, त्यांनी त्या मंडळींच्या तोंडचे शब्द, ते कोणत्या खात्यात आणि कोणत्या वस्तूला लावले जात या तपशिलासह, ऐकले तसे लिहून काढावेत; व्युत्पत्ती मागाहून लावता येते, पण बोलणारा गेल्यावर शब्दाचा अर्थ विचारायला कोणी उरत नाही.